दोन कमानी आणि मधली पोकळी: लक्झेंबर्गचा अडोल्फ पूल उभा कसा राहतो

लक्झेंबर्ग शहराच्या पोटातून एक खोल दरी जाते. तळाशी पेत्रूस नावाची लहानशी नदी वाहते. नदी लहान असली तरी वालुकाश्माचं पठार तिने उभं कापून काढलं आहे. दरीच्या एका काठावर जुनं शहर आहे आणि दुसऱ्या काठावर रेल्वे स्टेशन. या दोघांना जोडणारा अडोल्फ पूल १९०३ साली खुला झाला. पुलाची लांबी १५३ मीटर, दरीच्या तळापासून उंची ४२ मीटर आणि मधल्या मुख्य कमानीचा गाळा, म्हणजे तिच्या दोन पायांमधलं अंतर, ८४.६५ मीटर. त्या दिवशी जगात याहून मोठी दगडी कमान कुठेच नव्हती.

फोटो बहुतेक वेळा बाजूने काढलेला असतो आणि त्यात एकच मोठी कमान दिसते. दरीत उतरून बरोबर खाली उभं राहिलं आणि वर पाहिलं की खरी गोष्ट कळते. तिथे एक कमान नाहीच. शेजारी शेजारी, एकमेकींना न चिकटता, दोन जुळ्या कमानी दरी ओलांडून जातात आणि त्यांच्या मध्ये सुमारे ६ मीटरची मोकळी जागा आहे. ही जागा फक्त वरच्या रस्त्याने झाकली आहे.

पूल समजून घ्यायचा म्हणजे आपण दगड, खांब, पाया यांच्याकडे बघतो. या पुलात मात्र सगळ्यात हुशारीची गोष्ट आहे ती दगड न लावलेली जागा. ती तशी का सोडली, हे कळण्यासाठी आधी दगडाची कमान मुळात उभी कशी राहते ते पाहावं लागेल.

दरीपलीकडचं स्टेशन

आधी थोडा इतिहास, कारण हा पूल इथेच आणि तेव्हाच का झाला ते त्यात आहे.

लक्झेंबर्ग हे शतकानुशतकं किल्ल्याचं शहर होतं. युरोपातल्या सगळ्यात भक्कम किल्ल्यांपैकी एक, म्हणून त्याला 'उत्तरेचं जिब्राल्टर' म्हणत. तटाबाहेरच्या जमिनीवर पक्कं बांधकाम करायला लष्कराची आडकाठी असे. म्हणून १८५९ मध्ये रेल्वे आली तेव्हा स्टेशन दरीच्या पलीकडे, शहराबाहेरच्या पठारावर बांधावं लागलं आणि तेही लाकडाचं. शहर आणि स्टेशन जोडायला १८६१ पर्यंत एक पूल झाला. त्याचं नाव पासरेल. लहान लहान २४ कमानींचा, उंच सडपातळ खांबांवर उभा असलेला हा पूल आजही आहे, पण रस्ता अरुंद.

मग १८६७ साल आलं. लंडनच्या तहाने लक्झेंबर्ग तटस्थ देश ठरला, किल्ल्यात असलेली प्रशिया या जर्मन राज्याची फौज निघून गेली आणि किल्ला पाडायचं ठरलं. पाडकाम १८८३ पर्यंत चाललं. तट गेल्यावर शहराला बाहेर पसरायला जागा मिळाली आणि ही मोकळी जमीन नेमकी स्टेशनच्या बाजूला होती. नव्या वस्तीला रुंद, थेट रस्ता हवा होता. १४ जुलै १९०० रोजी ग्रँड ड्यूक अडोल्फ यांनी पायाचा दगड बसवला आणि २४ जुलै १९०३ रोजी पूल खुला झाला. तीन वर्षं आणि दहा दिवस. पासरेल 'जुना पूल' झाला आणि अडोल्फ पुलाला लोक 'नवा पूल' म्हणू लागले. सव्वाशे वर्षं होत आली तरी तिथल्या बोलीत तो नवाच आहे.

पुलाची रचना फ्रेंच इंजिनिअर पॉल सेजुर्ने आणि लक्झेंबर्गचे इंजिनिअर आल्बेर रोदांज यांची. सेजुर्ने यांचं जवळजवळ सगळं आयुष्य दगडी कमानींत गेलं. पोलाद आणि काँक्रीट सगळीकडे शिरत असताना दगडाकडून आणखी काय काम करून घेता येईल, याचा शोध ते घेत राहिले.

दगडाला दाबा, ओढू नका

एक लांब दगडी फळी घ्या आणि दोन टोकांना आधार देऊन ठेवा. मधे वजन टाकलं की फळी किंचित वाकते. वाकताना तिचा वरचा भाग आवळला जातो आणि खालचा ताणला जातो. दगडाला आवळलं जाणं मुळीच त्रासाचं नाही, ताण मात्र त्याला सोसत नाही. खालून बारीक तडा जातो, तो वर सरकतो आणि फळीचे दोन तुकडे होतात. म्हणून प्राचीन मंदिरांमध्ये दगडी तुळई असलेले खांब इतके जवळ जवळ असतात. तुळई लांब केली की ती तुटते.

दाब सोसण्याची दगडाची ताकद किती, याचा अंदाज आपल्याला सहसा नसतो. मध्यम प्रतीच्या वालुकाश्माचा सरळसोट खांब रचत गेलो, तर स्वतःच्या वजनाने तळचा दगड चुरडायला तो खांब सुमारे दोन किलोमीटर उंच व्हावा लागेल. एवढा उंच खांब प्रत्यक्षात उभा राहणार नाही, आधीच कलंडेल, पण हिशेब काय सांगतो ते बघा. ४२ मीटर उंचीच्या पुलात दगड चुरडला जाण्याची भीती जवळपास नाही. खरी भीती आहे ती दगडात कुठे ताण निर्माण होण्याची आणि सांधे उघडण्याची. म्हणजे दगडी पुलाचा प्रश्न ताकदीपेक्षा आकाराचा आहे. मला ही गोष्ट पहिल्यांदा कळली तेव्हा जुन्या इमारतींकडे बघायची माझी नजरच बदलली.

तर प्रश्न असा: दरीवर दगड अशा आकारात कसे रचायचे, की प्रत्येक दगड फक्त दाबलाच जाईल?

त्याचं उत्तर साखळीत आहे. एक साखळी दोन हातांत धरून सैल सोडा. ती मधे झोकली जाते आणि एक वक्र आकार घेते. साखळीला फक्त ताण कळतो, दाब सोसणं तिला जमतच नाही. म्हणून ती आपोआप असा आकार शोधते, ज्यात प्रत्येक कडी केवळ ताणलेली असते. आता हाच आकार जसाच्या तसा उलटा करा. जिथे ताण होता तिथे नेमका तेवढाच दाब येतो. त्या उलट्या आकारावर दगड रचले तर प्रत्येक दगड केवळ दाबलेला राहतो. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक यांना हे १६७५ च्या सुमाराला उमगलं होतं. शोध आपल्या नावावर राहावा पण दुसऱ्याच्या हाती लागू नये, म्हणून त्यांनी तो अक्षरांची उलथापालथ करून कोड्यासारखा छापला. कोड्याचा उलगडा त्यांच्या मृत्यूनंतर झाला.

पुलावर वजन सगळीकडे सारखं नसतं. कमानीच्या खांद्यांवर, म्हणजे माथा आणि पायथा यांच्या मधल्या भागावर, रस्त्यापर्यंत जास्त भराव लागतो आणि माथ्यावर कमी. साखळीला जागोजागी त्या प्रमाणात वजनं लटकवा, तिचा आकार बदलेल. तो बदललेला आकार उलटा केला की या पुलातून भार कोणत्या वाटेने खाली जातो ते कळतं. या वाटेला आपण 'रेट्याची रेघ' म्हणू. इंजिनिअरचं काम एवढंच, की ही रेघ दगडांच्या जाडीच्या आत राहिली पाहिजे, आणि शक्यतो मधल्या तिसऱ्या हिश्शात. तिथे राहिली तर सांध्याच्या कोणत्याच कडेला ताण येत नाही.

आडवा रेटा: कमान मागते ती किंमत

तुळई आपल्या आधारांना फक्त खाली दाबते. कमान त्यांना बाहेरही ढकलते. दोन पत्ते एकमेकांना टेकवून तंबू केला आणि खालचा पृष्ठभाग गुळगुळीत असला, तर पत्त्यांचे पाय सरकतात आणि तंबू बसतो. कमानीचंही तेच.

हा रेटा किती असतो याचा ढोबळ हिशेब अवघड नाही. वजन गाळ्यावर सारखं पसरलेलं धरा. कमानीचा उंचवटा, म्हणजे पायथ्यापासून माथ्यापर्यंतची उंची, गाळ्याच्या चौथ्या हिश्शाएवढा असेल, तर प्रत्येक बाजूचा आडवा रेटा एकूण वजनाच्या निम्मा. उंचवटा आठव्या हिश्शाएवढा, म्हणजे कमान बरीच चपटी असेल, तर रेटा थेट एकूण वजनाएवढा. उंचवटा निम्मा केला की रेटा दुप्पट. चपटी कमान दिसायला सुंदर, पण ती काठांकडून फार मागते.

इथे दरी कामाला येते. दोन्ही बाजूंना कडा असेल तर रेटा झेलायला निसर्गानेच भिंत बांधून ठेवलेली असते. पेत्रूसच्या दरीला वालुकाश्माचे उभे कडे आहेत. सपाट मैदानात याच मापाची कमान बांधायची, तर दोन्ही बाजूंना दगडांचे डोंगर रचावे लागले असते.

दरी असलेल्या प्रत्येक शहराने हा प्रश्न आपापल्या परीने सोडवला. स्पेनमधलं रोंडा शहर एल ताहो नावाच्या घळीने दुभंगलं आहे. तिथे १७३५ मध्ये घाईघाईने एका कमानीचा पूल बांधला गेला. १७४१ मध्ये तो कोसळला आणि सुमारे ५० माणसं गेली. त्यानंतरचा पूल १७५१ ते १७९३, अशी ४२ वर्षं बांधला गेला. शेवटच्या टप्प्यात त्याचं काम होसे मार्तीन दे आल्देवेला यांच्याकडे होतं. आज तो ९८ मीटर उंच उभा आहे आणि बघणाऱ्याचा श्वास रोखतो. पण त्याची रीत वेगळी आहे. तिथे घळीच्या तळापासून दगडाची प्रचंड भिंत उचलत आणली आहे. नदीसाठी खाली एक लहान कमान आणि तिच्या डोक्यावर मधली उंच कमान. घळ अरुंद होती म्हणून ते शक्य झालं. लक्झेंबर्गमध्ये दरी रुंद होती, तिला भरून काढणं परवडलं नसतं. तिथे उडी मारणंच भाग होतं.

खांद्यांवरचं ओझं

कमानीच्या खांद्यांवर रस्त्यापर्यंत दगडमाती भरली तर दोन गोष्टी होतात. एक तर वजन वाढतं, म्हणून रेटा वाढतो. दुसरी गोष्ट लक्षात यायला वेळ लागते: खांदे जड आणि माथा हलका झाला तर खांदे खाली दबतात आणि माथा वर उचलला जातो. कमान खाली पडण्याऐवजी वर फुटते.

वेल्समध्ये पाँटिप्रिथ इथे गवंडी विल्यम एडवर्ड्स यांना हा धडा महागात पडला. त्यांच्या पुलाचा माथा असाच वर फुटून पूल गेला. १७५६ मध्ये त्यांनी पुन्हा बांधला तेव्हा खांद्यांमध्ये आरपार गोल भोकं ठेवली. वजन हलकं झालं आणि तो ४३ मीटर गाळ्याचा पूल आजही उभा आहे. चीनमध्ये ली चुन यांनी हीच युक्ती सातव्या शतकाच्या सुरुवातीला, झाओझोऊच्या पुलात वापरली होती. तिथे खांद्यांत लहान कमानी सोडल्या आहेत.

अडोल्फ पुलातही मुख्य कमानीच्या खांद्यांवर भरीव भिंत नाही. लहान कमानींची रांग आहे, ती रस्त्याचं ओझं ठरावीक जागी मुख्य कमानीवर उतरवते. पोकळीचा हा पहिला उपयोग. दुसरा याहून मोठा आहे.

कमान पुरी होईपर्यंत ती कमान नसते

कमानीची सगळ्यात मोठी अडचण तिच्या बांधणीत आहे. शेवटचा दगड बसेपर्यंत कमान स्वतःला सावरू शकत नाही. अर्धी कमान म्हणजे हवेत लटकणारा दगडांचा ढीग. तिला खालून धरून ठेवायला लाकडी सांगाडा लागतो, बांधकामावर ज्याला सेंटरिंग म्हणतात. घराच्या स्लॅबचं सेंटरिंग आपण बघतो, तत्त्व तेच. फक्त इथे ते ८५ मीटर लांब आणि दरीच्या तोंडावर टांगलेलं.

म्हणजे दगडी पूल बांधायचा, तर आधी त्याच जागी तात्पुरता लाकडी पूल बांधायचा, आणि काम झालं की तो काढून टाकायचा. मोठ्या कमानींच्या खर्चाचा मोठा वाटा या नंतर न दिसणाऱ्या लाकडावर जात असे. सेंटरिंग दबलं, वाकलं, तर वर नुकत्याच बसवलेल्या दगडांचे सांधे फाटतात. एका बाजूने दगड लावत सुटलं तर लाकूड त्या बाजूला कलतं. म्हणून दगड दोन्ही बाजूंनी सारखे लावत आणावे लागतात. मोठ्या कमानीत तर एकाच वेळी अनेक तुकड्यांत काम सुरू करतात आणि काही सांधे मुद्दाम मोकळे ठेवतात. लाकडाला जेवढं दबायचं तेवढं दबून झालं की ते सांधे शेवटी भरतात.

सेजुर्ने यांनी १८८०च्या दशकात फ्रान्समध्ये लावूरचा ६१.५ मीटर गाळ्याचा रेल्वे पूल बांधताना आणखी एक वाट धरली. कमानीची पूर्ण जाडी एकदम न रचता ती थरांनी रचायची. पहिला पातळ थर पूर्ण करून मिटवला की तो स्वतःच कमान होतो. मग दुसऱ्या थराचं ओझं लाकूड आणि पहिला थर मिळून उचलतात. दगड दगडाला धरतो आणि लाकूड कमी लागतं.

इथे चावीच्या दगडाबद्दल थोडं. माथ्यावरचा मधला दगड सगळी कमान धरून ठेवतो अशी समजूत आहे आणि तो दगड नक्षीने सजवायची रीतही त्यातूनच आली असावी. खरं तर कमानीतल्या कोणत्याही दगडापेक्षा तो जास्त काम करत नाही. माथ्यावर उभा भार नसतो, केवळ आडवा रेटा असतो, त्यामुळे तिथे दाब उलट सगळ्यात कमी. त्याचा मान एवढ्याचसाठी की तो शेवटी बसतो आणि तो बसला की ढीग संपतो, कमान सुरू होते.

मग सेंटरिंग उतरवायचं. हा क्षण सगळ्यात नाजूक. झटक्याने काढलं तर कमान हादरते. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये यासाठी फार देखणी युक्ती रूढ झाली: सांगाड्याचे पाय वाळू भरलेल्या लोखंडी डब्यांवर टेकवायचे. वेळ आली की डब्यांची बुचं काढायची. वाळू संथपणे वाहते, सगळा सांगाडा एकसारखा खाली उतरतो आणि कमान हळूहळू स्वतःचं वजन स्वतः घेते. शेकडो टनांचा भार वाळूच्या धारेवर उतरवायचा, ही कल्पना ज्याला सुचली त्याला मनापासून दाद द्यावीशी वाटते.

एक सांगाडा, दोन कमानी

आता मूळ प्रश्नाकडे. लक्झेंबर्गला १६ मीटर रुंद रस्ता हवा होता. तेवढ्या रुंदीची सलग कमान म्हणजे तेवढ्याच रुंदीचं सेंटरिंग, आणि दगडाचाही प्रचंड ढीग.

सेजुर्ने यांनी विचार उलटा केला. गाडी कमानीवरून धावत नाही, रस्त्यावरून धावते. मग कमान रस्त्याएवढी रुंद कशाला हवी? दोन अरुंद कमानी, मधे मोकळी जागा, आणि वर रस्त्याची स्लॅब. आधी एका कमानीचं सेंटरिंग उभारायचं, ती कमान पूर्ण करायची, मग तोच सांगाडा बाजूला सरकवून दुसऱ्या कमानीखाली न्यायचा. लाकूड निम्म्याहून कमी, आणि दगडही वाचला. दगड वाचला म्हणजे वजन वाचलं आणि वजन वाचलं म्हणजे काठांवरचा रेटाही कमी झाला. एका रिकाम्या जागेने किती ठिकाणी पैसे आणि कष्ट वाचवले बघा.

पण ६ मीटरच्या फटीवरून रस्ता न्यायचा कसा? दगडी फळ्या तर तुटणार. इथे त्या काळची अगदी नवी वस्तू उपयोगी पडली: लोखंडी सळ्या घातलेलं काँक्रीट, म्हणजे आरसीसी. फ्रान्सोआ एनेबिक यांनी आपल्या आरसीसी पद्धतीचं पेटंट १८९२ मध्ये घेतलं होतं. सळई ताण सोसते, काँक्रीट दाब सोसतं. दगडाला जे जमत नाही नेमकं तेच काम या स्लॅबला दिलं गेलं. ज्याला दाब आवडतो त्याला दाब, ज्याला ताण झेपतो त्याला ताण. म्हणूनच मी या पुलाला दगडी युगाचा शेवट आणि काँक्रीट युगाची सुरुवात, असं दोन्ही म्हणेन. एकाच रचनेत दोघं हातात हात घालून उभे आहेत.

याआधी सुमारे ४० वर्षं उभ्या पुलांमध्ये सर्वात मोठ्या दगडी कमानीचा मान अमेरिकेत वॉशिंग्टनजवळच्या कॅबिन जॉन पुलाकडे होता, गाळा ६७ मीटर. इटलीत अड्डा नदीवर त्रेत्सो इथे चौदाव्या शतकात ७२ मीटरची कमान होती, ती १४१६ मध्ये युद्धात पाडली गेली. अडोल्फ पुलाने दोघींनाही मोठ्या फरकाने मागे टाकलं. हा मान मात्र दोनच वर्षं टिकला. १९०५ मध्ये जर्मनीत प्लाउएन इथे ९० मीटरची दगडी कमान झाली आणि आज चीनमधल्या दानहे पुलाची दगडी कमान १४६ मीटरची आहे.

विक्रम गेला, पण जुळ्या कमानींची कल्पना प्रवास करत राहिली. सेजुर्ने यांनी स्वतः तुलूझमध्ये गारोन नदीवरच्या पुलासाठी ती पुन्हा वापरली. फिलाडेल्फियात विसाहिकन दरीवरचा वॉलनट लेन पूल १९०८ मध्ये झाला. तोही जुळ्या कमानींचा आणि उघडपणे लक्झेंबर्गवरून घेतलेला, पण त्याच्या कमानी दगडाच्या नव्हत्या. त्या काँक्रीटच्या होत्या, ७१ मीटर गाळ्याच्या. दगड घडवणाऱ्या पाथरवटांची मजुरी आणि वेळ दोन्ही त्यात वाचत होते. दगडी कमान मागे पडली ती कमजोर ठरली म्हणून नव्हे. ती घडवायला लागणारे हात महाग झाले होते.

तडा गेला म्हणजे पूल गेला का?

जुन्या पुलाला तडा दिसला की घबराट होते. कधी ती योग्य असते, कधी नाही, आणि हे ठरवायचं कसं ते समजून घेण्यासारखं आहे.

रेट्याची रेघ सरकत सरकत दगडाच्या कडेपर्यंत गेली, की विरुद्ध बाजूचा सांधा उघडतो. तिथे कमान बिजागरीसारखी किंचित वळू शकते. एक बिजागरी झाली तरी कमान उभी राहते. दोन झाल्या तरी, अगदी तीन झाल्या तरी. उलट तीन बिजागऱ्यांची कमान पाया थोडा सरकला तरी त्याच्याशी जुळवून घेते. चौथी बिजागरी झाली मात्र, तर कमान हलणारं यंत्र होते आणि बसते. म्हणून अनुभवी इंजिनिअर तडा किती रुंद आहे एवढंच बघत नाही. तो कुठे आहे, वरून उघडला आहे की खालून, आणि वाढतो आहे का, हे बघतो.

दगडी पुलाचं वजन हेच त्याचं संरक्षणही आहे. हलक्या पुलावर जड गाडी आली की रेट्याची रेघ बरीच हलते. हजारो टनांच्या कमानीवर गाडीचं वजन त्या मानाने किरकोळ, त्यामुळे रेघ जागची फारशी ढळत नाही. घोडागाड्यांच्या काळातले पूल आजची वाहतूक सोसतात ते यामुळे.

त्यांचा खरा शत्रू पाणी. रस्त्याखालचा पाणी अडवणारा थर खराब झाला की पावसाचं पाणी झिरपत आत जातं, सांध्यातला चुना धुऊन नेतं, आणि हिवाळ्यात गोठलं की फुगून दगड फोडतं. ऊन-थंडीचाही खेळ चालू असतो: उन्हाळ्यात माथा किंचित वर येतो, हिवाळ्यात खाली जातो, दरवर्षी.

अडोल्फ पुलाची विसाव्या शतकात अनेकदा डागडुजी झाली. १९६१ मध्ये तो थोडा रुंदही केला गेला. तरी तडे वाढत गेले आणि कमानींना पोलादी सळ्यांनी आवळून धरावं लागलं. सळई ताणून बसवली की ती दगडाला सतत दाबून ठेवते, म्हणजे पुन्हा तेच, दगडाला त्याच्या आवडीचा दाब द्यायचा. शेवटी २०१४ ते २०१७ या काळात पूल पूर्णपणे दुरुस्त केला. बाजूलाच तात्पुरता निळा पूल उभारून वाहतूक त्यावरून वळवली. दर्शनी दगड क्रमांक घालून काढले, साफ केले आणि पुन्हा आपापल्या जागी बसवले. वरची काँक्रीटची स्लॅब नव्याने, थोडी रुंद करून घातली, कारण त्यावरून पुन्हा ट्राम न्यायची होती.

जुनी ट्राम या पुलावरून जायची, ती १९६४ मध्ये बंद झाली. नवी ट्राम डिसेंबर २०२० पासून अडोल्फ पूल ओलांडून स्टेशनपर्यंत जाते. शहराच्या मध्यभागी तिला डोक्यावरची वीजतार लागत नाही. थांब्यावर उभी असतानाच ती चार्ज होते, त्यामुळे पुलावर तारांचे खांब उभारावे लागले नाहीत आणि कमानीची रेघ आकाशात मोकळी राहिली. मार्च २०२० पासून देशातल्या सार्वजनिक वाहतुकीला साधारणपणे तिकीटही लागत नाही.

ट्राम आली, तेव्हा वर सायकलींना पुरेशी जागा उरेना. पुलाला बाहेरून काही चिकटवलं असतं तर सेजुर्ने यांच्या कमानीचं रूप बिघडलं असतं. म्हणून रस्त्याच्या खाली, दोन कमानींच्या मध्ये, एक वाट टांगली. डोक्यावर स्लॅब, पायाखाली दरी. २०१७ पासून सायकलवाले आणि पायी जाणारे लोक त्या ६ मीटरच्या फटीतून पेत्रूसची दरी ओलांडतात. लाकूड वाचवण्यासाठी १९०० साली मोकळी सोडलेली ती जागा.